‘चार माणसांचा’ तंबू: मार्च ते सप्टेंबरचा हिशेब

आधी वापर किती झाला ते सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तंबू घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय. एवढ्या काळात तो खऱ्याखुऱ्या कॅम्पिंगला ३ रात्री उभा राहिला: एक नागावला, दोन भंडारदऱ्याला. आणि घरी, म्हणजे ठाण्यात चरईतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आणि बेडरूममध्ये मिळून २१ रात्री. दिवसाउजेडी गच्चीवर त्याने जी नोकरी केली ती वेगळीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे तंबू बहुतेक एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. घुमटाचा आकार, फायबरग्लासच्या दोन काठ्या, आतला कप्पा अर्धा कापडाचा आणि वर जाळीचा, त्यावर घालायचं वेगळं आवरण. आम्हाला ४,८०० रुपयांना पडला. वजन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे गाडीने जाणार असाल तर ठीक. पाठीवर टाकून गड चढायचा विचार असेल तर हा नाही.

आता पिशवीवर छापलेल्या त्या ‘४ माणसं’बद्दल. तळ २४० बाय २१० सेंटीमीटर. भागाकार करा: प्रत्येकाच्या वाट्याला ६० सेंटीमीटर. घरातली साधी एकेरी गादी तीन फुटांची, म्हणजे ९० सेंटीमीटरच्या वर असते. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा आत डोकावून विचारलं, “चार माणसं म्हणजे शाळेच्या बाकावर बसतात तशी का गं?” आम्ही दोघं, बारा वर्षांचा थोरला, सात वर्षांची धाकटी आणि गुळ्या. गुळ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, गुळाच्या ढेपेच्या रंगाचा, १८ किलोचा, आणि झोपताना आडवाच पडणारा. नागावला पहाटे तीनला नवरा उशी घेऊन गाडीत गेला. तेव्हापासून आमच्या घरात या तंबूला ‘अडीच माणसांचा’ म्हणतात. तुम्ही चौघं असाल तर सहाचा घ्या. दुकानदार काहीही सांगो.

नागावला एप्रिलच्या सुट्टीत गेलो होतो. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या वाडीत, किनाऱ्याला लागून, तंबू ठोकायची परवानगी मिळाली. मी हौसेने माडांच्या मधली सावलीची जागा निवडली, तर वाडीवाल्या काकू लगबगीने आल्या, “नारळाखाली नको हो ताई, रात्री डोक्यात पडला म्हणजे?” मुकाट्याने सुरूच्या झाडांकडे सरकलो. तिथे जमीन वाळूची. सोबत आलेल्या मेखा म्हणजे वीतभर लांबीच्या वाकवलेल्या तारा. वाळूत त्या आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यात खोचल्यासारख्या उभ्या राहतात आणि पहिल्या झुळुकीला बाहेर येतात. शेवटी काकूंच्याच मुलाने युक्ती दाखवली. भाजीच्या पिशव्या वाळूने गच्च भरायच्या, दोरी त्यांना बांधायची आणि हातभर खोल आडव्या पुरायच्या. रात्रभर खारा वारा होता, एकही हलली नाही. दगडाळ जमिनीवरही या मेखा वाकतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी जाड मेखा बनवून आणल्या, तेवढा खर्च धरून चाला.

उकाड्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. समुद्रसपाटीला एप्रिल-मेमध्ये हा तंबू म्हणजे इडलीपात्र. वरचं आवरण पॉलिएस्टरचं, त्यावर आतून लेप, हवा आरपार जात नाही. नागावला आम्ही पावसाची भीती नाही म्हणून आवरण काढूनच झोपलो. वर जाळी, जाळीपलीकडे चांदणं, आणि डास बाहेर. तसा वापरलात तर सुख आहे. सकाळी साडेसातनंतर मात्र आत थांबता येत नाही. आणि एक, तंबूत डासांची कॉइल किंवा शेगडी पेटवू नका. कापड पेटतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. हे पिशवीवर बारीक अक्षरात छापलंय, मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

मे महिन्यात घराला रंग काढला आणि खरी परीक्षा सुरू झाली. रंगारी म्हणाला सहा दिवस. अठरा लागले, आणि त्यातली मुलांची खोली तर आम्हीच रंगवली, थोरल्याचा हट्ट म्हणून. पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपरने घासकाम, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. घासकामाची ती पांढरी पूड कपाटाच्या बंद दारातून आत शिरते, डाळीच्या डब्यातसुद्धा. घरात झोपणं अशक्य. सेक्रेटरींना विचारून तंबू गच्चीवर नेला.

गच्चीवर मेख ठोकता येत नाही, हे उघड आहे. तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहतो, पण बांधला नाही तर तो तंबू नसून पतंग असतो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी रिकामा तंबू वावटळीने उचलला आणि पाण्याच्या टाकीवर नेऊन आपटला. त्यातच एका काठीचा तुकडा उभा चिरला. त्यानंतर चार कोपऱ्यांना पाण्याने भरलेले २० लिटरचे चार जार बांधले. प्रत्येकी २० किलो, म्हणजे चारही मिळून ८०. मग नाही हलला. दुसरा त्रास स्लॅबचा. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. सात वाजता बादलीभर पाणी मारायचं, दहाला तंबू लावायचा, खाली जाड गोधडी घालायची. एवढं केलं की मग तलावपाळीच्या बाजूने येणारा वारा लागतो आणि मुलं पंखा मागत नाहीत. धाकटी अजून विचारते, पुन्हा रंग कधी काढायचा.

चिरलेल्या काठीचं सांगते. फायबरग्लास चिरलं की त्याच्या बारीक कुसळी निघतात, दिसत नाहीत, बोटात जातात. हातमोजे घाला. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला, फोटो पाठवले, नऊ दिवसांनी उत्तर आलं की काठ्या वॉरंटीत बसत नाहीत, आणि सुटी काठी विकत मिळत नाही. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या एका तुकड्यासाठी नवा तंबू घ्यायचा का? नवऱ्याने चिरलेल्या भागावर बाहेरून बसेल अशी धातूची छोटी नळी सरकवली, वर इलेक्ट्रिशियनची काळी टेप. चाललंय. पण गुण कापायचे तर माझे सगळ्यात जास्त इथे कापले जातील.

आता ती दिवसाची नोकरी. सासूबाईंचं उन्हाळी वाळवण दरवर्षी कबुतरांशी लढत होतं. काठीला काळी फडकी, जुन्या सीडी, सगळं करून झालंय. ठाण्याची कबुतरं कशालाच भीत नाहीत. यंदा रंगकामामुळे तंबू गच्चीवर होताच. सासूबाईंनी शांतपणे वरचं आवरण उतरवलं, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, सांडगे घातले. वरच्या जाळीतून ऊन येतं, पक्षी येत नाही, धूळ कमी येते. शिवाय मघाशी ज्या इडलीपात्राला नावं ठेवली त्याचाच इथे फायदा: आत इतकं तापतं की कुरडया नेहमीपेक्षा लवकर खडखडीत झाल्या. दोन्ही दारांच्या चेन थोड्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर वाफ कोंडून पहिल्या दिवशी ओल धरते. एकच घोटाळा झाला. सांडग्यातला हिंग तळाच्या कापडात मुरला. पुढे भंडारदऱ्यात गुळ्या रात्रभर तंबूची जमीन चाटत होता.

भंडारदऱ्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो, काजव्यांसाठी. ठाण्याहून भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट, घोटीवरून उजवीकडे. साधारण दीडशे किलोमीटर. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, मागे कळसूबाईची रांग, आणि पाऊस तोंडावर आलेला असताना हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांवर लुकलुकणारे काजवे. शेंडी गावाच्या पुढे एका शेतकऱ्याच्या बांधावर जागा भाड्याने घेतली, जेवण त्यांच्याकडेच, पिठलं-भाकरी आणि लाल तिखटाचा ठेचा. काजव्यांच्या झाडाखाली टॉर्च मारू नका, मोबाइल तर नकोच. त्यांचं ते लुकलुकणं जोडीदाराला दिलेली हाक असते, आपल्या उजेडात ती बुडते. हे मुलांना दोनदा सांगावं लागलं, शेजारच्या गाडीतल्या मोठ्यांना चारदा.

पहिल्या सकाळी थोरला ओरडला, “आई, तंबू गळतोय!” पाऊस तर पडलाच नव्हता. आवरणाच्या आतून थेंब लटकत होते. ती आमच्याच श्वासाची वाफ, थंड कापडाला लागून पाणी झालेली. रात्री आवरणाच्या वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, दोऱ्या ताणून आवरण आतल्या जाळीपासून लांब ठेवा, म्हणजे कमी होतं. पूर्ण थांबत नाही, कुठल्याच तंबूत थांबत नाही.

दुसऱ्या रात्री मात्र वळवाचा पाऊस आला, तासभर, ढोलासारखा. पिशवीवर ‘३००० मिलिमीटर’ लिहिलंय, त्याचा अर्थ कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. ही गोष्ट खरी निघाली, वरून थेंब आला नाही. पाणी आलं खालून, आणि चूक माझी. चिखल लागू नये म्हणून खाली मोठी ताडपत्री अंथरली होती, तंबूच्या बाहेर चारी बाजूंनी वीतभर डोकावणारी. आवरणावरून ओघळलेलं सगळं पाणी तिने झोळीसारखं झेललं आणि नेमकं आमच्या पाठीखाली नेलं. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी, किंवा कडा आत दुमडायच्या. पहाटे तीन वाजता ओल्या गोधडीवर बसून शिकलेली गोष्ट आहे, विसरायची नाही.

जाळी फाटली तीही तिथेच. बाहेर बेडूक, आत गुळ्या, मध्ये जाळी. तो सरळ आरपार गेला. घरी आल्यावर सासूबाईंनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आतून लावून नायलॉनच्या धाग्याने शिवला. टाके दिसतात पण डास येत नाही. कुत्रा असेल तर नखं कापून न्या आणि तळावर जाड चटई टाका, इतकंच सांगते. आणि गोचीड. परत आल्यावर त्याच्या कानामागे दोन सापडल्या. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायच्या, रॉकेल-बिकेल लावायचं नाही. डॉक्टरांनी मानेवर घालायचं औषध दिलं आणि ताप, सुस्ती, जेवण सोडणं यावर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण गोचिडीतून रक्तातले आजार येतात. तिसरी गोचीड तंबूच्या कोपऱ्यातल्या शिवणीत होती. म्हणून घडी घालण्याआधी तंबू उलटा करून झटका.

घडीवरून जुलै आठवला. ओला तंबू वाळत घालायचा म्हणून गॅलरीत पसरला, पण ठाण्यातल्या जुलैत काही वाळतं का? चार दिवसांनी पाहते तर जिन्यातली मांजर त्यात बाळंत झालेली. तीन पिल्लं. गुळ्या दारात बसून कुंई कुंई करतोय, मुलं शाळेला जायला तयार नाहीत. आईला हलवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि तंबू ऑगस्टच्या मध्यापर्यंत तसाच राहिला. दोन पिल्लांना घरं मिळाली, तिसरं आता सासूबाईंच्या खोलीत राहतं, ‘तात्पुरतं’.

याची किंमत तंबूला मोजावी लागली. कापडावरचा तो पॉलियुरेथेनचा लेप ओल आणि उकाडा मिळाला की बिघडत जातो, चिकट होतो, आंबूस वास सुटतो. तळाच्या एका कोपऱ्यात ते सुरू झालंय, आणि दोन ठिकाणी शिवणीवरची पट्टी उचलली गेलीय. व्हिनेगर पाण्यात घालून पुसला, मांजराचा वास बराच गेला. मशीनमध्ये धुऊ नका, ब्लीच तर नाहीच. पावसाळ्यात पिशवीत कोंबून माळ्यावर टाकण्यापेक्षा सैल घडी करून जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, कपाटात ठेवलाय.

घ्यावा का? भंडारदरा, पवना, नागाव अशा गाडी पोचणाऱ्या जागी वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्या दोघांनी जरूर घ्यावा. एखादं लहान मूल सोबत असेल तरी चालेल. ज्यांना भर पावसाळ्यात वापरायचाय त्यांनी ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा पाहावा, पैसे जास्त जातील. आणि आमच्यासारखे ठाणेकर येऊरला लावायचा विचार करत असतील तर तो सोडून द्या. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे, तिथे रात्र काढायची नसते.

मी ५ पैकी ३ देते. सासूबाई म्हणतात ५, पण त्यांनी तो फक्त कुरडयांसाठी वापरलाय. दिवाळीच्या सुट्टीत थोरल्याला मित्रांबरोबर गच्चीवर झोपायचंय, त्याआधी त्या काठीचं काहीतरी कायमचं करायला हवं.