रामटेक, पेंच की सेवाग्राम? शेतावर मुक्कामी येणाऱ्यांसाठी

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर-काटोल पट्ट्यात आमचं संत्र्याचं वावर आहे आणि वावरातच पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. बहुतेक जण शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी जेवून निघतात, म्हणजे फिरायला मोकळा दिवस एकच, शनिवार. पाटवडी-रस्सा वाढता वाढता तोच विषय निघतो: उद्या कुठं जायचं? रामटेक, पेंच आणि सेवाग्राम या तीन नावांवर घासाघीस होते. तिन्हीकडे पाहुण्यांसोबत मी इतक्यांदा गेलो आहे, की कोणाला कुठं पाठवावं याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे.

आधी एक विनंती. नकाशावर रामटेक आणि पेंचचं सिल्लारी प्रवेशद्वार एकाच जबलपूर रस्त्याच्या अंगाला दिसतात, म्हणून दोन्ही एका दिवसात बसवायचा मोह होतो. तो टाळा. मागच्या हिवाळ्यात एका कुटुंबाने सकाळची सफारी करून दुपारी रामटेक गाठलं. पहाटे साडेतीनला उठलेली मुलं गाडीत झोपलेली, आजी गडाखाली बसून राहिल्या आणि बाकीचे अर्ध्या तासात दर्शन उरकून खाली आले. रामटेक पाहिलं असं त्यांना म्हणता येईल, पण त्यांच्या हाती काही लागलं नाही.

मुलं बरोबर असतील तर ती पेंचचंच नाव घेणार. नागपूरहून सिल्लारी साधारण ७० किलोमीटर. आमच्या शेतावरून दोन तास धरा. सकाळच्या फेरीसाठी पहाटे चारच्या आत निघावं लागतं. जिप्सी, गाइड आणि प्रवेश मिळून तिन्हींत हाच दिवस सर्वांत खर्चिक. आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच करावं लागतं. शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी जंगलात शिरता येईल हा भरवसा धरू नका. मूळ ओळखपत्रं सोबत हवीत. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचं जंगल बंद असतं.

वाघाबद्दल खरं सांगतो. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात, तेव्हा वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात असतो आणि जिप्सी उघडी. डिसेंबरात उलट, अंगावर घोंगडी घेऊनही हातपाय गारठतात. एका फेरीत वाघ दिसेलच असं मी कोणालाही सांगत नाही. सागाचं जंगल, पांढऱ्या सालीचं कुल्लूचं झाड, रानगव्यांचा कळप, चितळाने दिलेली धोक्याची हाक, एवढ्यावर ज्याचं मन भरतं त्याने जावं. फक्त वाघासाठी जायचं असेल तर आमच्याकडचा मुक्काम एका रात्रीने कमी करा आणि ती रात्र सिल्लारीच्या बाजूला काढा. दोन फेऱ्या होतील आणि रात्रीचं आकाशही पाहता येईल. २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. शहराच्या उजेडात वाढलेल्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसणं ही वाघापेक्षा कमी गोष्ट नाही.

आता रामटेक. एकच दिवस असेल, घरात लहान-मोठे सगळे असतील आणि मला विचारलंत, तर मी रामटेकच सांगेन. अट एवढीच की ते गडावर संपवायचं नाही.

नागपूरहून ५० किलोमीटर, मनसरला उजवीकडे वळायचं. गडमंदिराजवळपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही सोय होते. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढाव्यात. तलावाचे घाट आणि काठची देवळं सकाळच्या उन्हात जशी दिसतात तशी दुपारी दिसत नाहीत. वर राम-लक्ष्मणाच्या दर्शनाला सगळेच जातात. पण वाटेवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची छोटी देवळं ओलांडून लोक पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. केवल नरसिंहाच्या देवळात एक झिजलेला शिलालेख आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी. नवरा गेल्यावर मुलांच्या लहानपणी तिने राज्य सांभाळलं. तिच्या लेकीने आईच्या स्मरणार्थ इथं देवस्थान उभारलं, असा त्या लेखाचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. हे सांगून पाहुण्यांना त्या बुटक्या दारातून आत नेलं, की आतला तो भला थोरला बसलेला नरसिंह ते वेगळ्याच नजरेने पाहतात.

खाली उतरल्यावर नगरधनचा किल्ला करा, रामटेकपासून तो अगदी जवळ आहे. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी ती हीच, असं मानलं जातं. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. सकाळी देवळात ऐकलेलं नाव दुपारी जमिनीतून वर आलेलं असतं. परतताना मनसरची हिडिंबा टेकडी पाहा. १९९०च्या दशकात तिथं खोदकाम सुरू झालं आणि विटांची मोठी बांधकामं उघडी पडली. मुलं कंटाळली असतील तर टेकडी सोडा आणि खिंडसी तलावावर नावेतून फेरी मारा.

कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष आषाढात ज्या रामगिरीवरून ढग पाहतो तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं. गडावर कालिदासाचं स्मारकही आहे. म्हणून आषाढात येणाऱ्यांना मी दुसरं काही सुचवतच नाही. जंगल बंद असतं, आणि गडाच्या कठड्यावरून समोरच्या तलावांवर ढग उतरताना दिसतात. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला मात्र प्रचंड गर्दी असते. जत्राच पाहायची असेल तर या, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

सेवाग्राम यापेक्षा वेगळ्या माणसांसाठी आहे. नागपूरहून ७५ किलोमीटर, आमच्याकडून शहर वळसा घालून पार करावं लागतं, म्हणून दोन तास. पाहण्यासारखं तिथं फार नाही, पण बसण्यासारखं खूप आहे. १९३६ मध्ये गांधीजी इथं आले, १९४६ मध्ये निघाले ते परत आले नाहीत. बापू कुटीच्या मातीच्या भिंती, व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोन, साप न मारता पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. ज्यांच्या घरात कोणी खादी वापरलेली आहे, ते अशा वस्तूंपुढे बराच वेळ थांबतात. दहा वर्षांची पोरं वीस मिनिटांत ‘आता काय?’ विचारतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना वर्ध्याचं मगन संग्रहालय दाखवा, तिथं चरख्यांचे प्रकार आहेत. जाताना वाटेत धाम नदीच्या काठी पवनार लागतं, विनोबांचा आश्रम. आश्रमाची जमीन खणताना निघालेली जुनी शिल्पं तिथं जपून ठेवली आहेत, त्यात भरतभेटीचं शिल्प आहे. वाकाटकांची प्रवरपूर राजधानी पवनारलाच होती असं मिराशी म्हणत; मनसर खोदणाऱ्यांनी ती मनसरला मानली. रामटेक करून आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या खेपेला मी सेवाग्राम सुचवतो ते यामुळेही. शक्य असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा, झाडाखाली मोकळ्या अंगणात होते. घरी पोचायला रात्र होईल, तरी थांबा.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं नावही कोणी काढतं. नागपूरच्या दक्षिणेला असणाऱ्यांना ते सोयीचं आहे. आमच्या बाजूने जायचं तर पेंचच बरं.

या तिन्हींत आदासा-धापेवाडा मी धरलं नाही, कारण त्याला दिवस लागत नाही. आदाशाच्या टेकडीवरचा शमी विघ्नेश, एकाच दगडातली गणपतीची भव्य मूर्ती, आमच्यापासून अर्ध्या तासावर. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते धापेवाड्याचं विठ्ठल मंदिर त्याच बाजूला, चंद्रभागेच्या काठी. हे रविवारी सकाळी करायचं. सातला निघालात तर साडेदहापर्यंत परत. तोवर चुलीवर वांगी भाजून झालेली असतात, आणि दिवाळीच्या आसपास आला असाल तर आंबिया बहाराची संत्री झाडावरून स्वतः तोडून गाडीत ठेवायलाही वेळ उरतो.