जुना एसएमपीएस दुरुस्त करावा की नवा आणावा?

बटण दाबूनही जुना कॉम्प्युटर ढिम्म आहे. वायर बदलून पाहणं, रॅम पुसून बसवणं, बोर्डवरचा सेल बदलणं हे सगळं तुमचं झालंय असं धरतो. आता संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो दुरुस्त करून घ्यायचा की नवा आणायचा? मी एकाच मशीनवर आधी दुरुस्ती केली, मग नवा बसवला.

मशीन बाबांच्या मेडिकलमधलं. जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ आणि जाड पॅरलल केबलने जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. बिलिंगची सगळी घडी याच जोडीवर बसलेली, त्यामुळे ‘नवीन कॉम्प्युटरच घ्या’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता.

पैसे घालण्याआधी एक खात्री मात्र करा. कॅबिनेटच्या बटणाची वायर काढा आणि बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर बिघाड बटणात आहे. नाही झालं तर मल्टिमीटरने एसएमपीएसमधून येणारी जांभळी वायर मोजा. मशीन बंद असलं तरी मेन्स चालू असताना तिथे ५ व्होल्ट हवेत, ४.७५ च्या खाली नकोत. आमच्याकडे ४.३ येत होते.

दुरुस्तीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. आमचे ३०० रुपये लागले. फुगलेले दोन कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलले आणि तासाभरात डबा हातात आला. वायरी त्याच, स्क्रूची भोकं तीच, भंगारात काही गेलं नाही. जुन्या चांगल्या एसएमपीएसमधलं लोखंड-तांबंही आजच्या स्वस्त मालापेक्षा वजनदार असतं. कारागीर मन लावून काम करणारा असेल तर मी या वाटेला नाव ठेवणार नाही. फक्त घरी उघडायला जाऊ नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

माझं मन उडालं ते सकाळच्या वेळेमुळे. दोन महिने छान गेले. मग थंडी पडली आणि पहिल्या दाबात मशीन उठेना. मेन्स चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की उठायचं, आणि एकदा उठलं की रात्रीपर्यंत तक्रार नाही. बाबा शटर उघडल्याबरोबर आधी मेन्सचं बटण दाबायचे, मग झाडलोट, मग देवाला उदबत्ती, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर बिल हाताने.

डबा कारागिराकडे परत नेला की तिथे तो लगेच चालायचा. हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरे. ‘बघा, ठीक आहे.’ पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. बोर्ड, हार्ड डिस्क ओढायला लागल्यावर तो तग धरतो का, हे त्यात कळत नाही. शिवाय न फुगलेले कॅपॅसिटरही आतून सुकलेले असतात. गारठ्यात त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, गरम झाले की उतरतो. म्हणजे दुकानात रोज सकाळी दिसणारा दोष कारागिराला दुपारी दाखवताच येत नाही. तीन फेऱ्या झाल्या. त्या माणसाचा दोष नव्हता, पण सत्तरीच्या बाबांना रोज सकाळी ताटकळताना बघून मला वाईट वाटायचं.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉर्सेअरचा ४५० वॅटचा सीव्ही मालिकेतला एसएमपीएस आणला. दुरुस्तीच्या कैक पट पैसे गेले, पण तीन वर्षांची वॉरंटी आहे. प्रोसेसरजवळच्या चार पिनांच्या सॉकेटसाठी त्याचा आठ पिनांचा प्लग दोन भागांत सुटतो, त्यामुळे जुन्या बोर्डवर अडलं नाही. त्यानंतरच्या डिसेंबरात मशीन पहिल्या दाबात उठलं. त्याच किमतीच्या निम्म्यात बिननावाचे डबेही मिळतात. त्यांच्यावर छापलेल्या वॅटवर जाऊ नका, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ बघा. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर त्या वायरीवर १९२ वॅटच मिळणार, वर ४५० छापलेलं असलं तरी.

माझा अनुभव एका मशीनचा आहे, तुमचा कारागीर सगळेच कॅपॅसिटर बदलून देणारा असेल तर हिशेब वेगळा होऊ शकेल. आणि कंपनीचं चपटं ऑफिस मशीन असेल तर दुरुस्तीच बरी. त्यांच्या डब्यांचा आकार आणि कनेक्टर अनेकदा वेगळे असतात. काही जुन्या डेल मशीनमध्ये तर प्लग नेहमीसारखाच दिसतो, पण आतल्या वायरींची जागा वेगळी असते, आणि बाजारातला एसएमपीएस लावला तर बोर्ड जळू शकतो. तसं मशीन असेल तर जुना डबा आधी फेकू नका.