पद्मिनीचे ब्रेक आणि माझे 17,000 रुपये

ठाणे-नवी मुंबईकडच्या जुन्या फियाटवाल्यांनी वाचावं म्हणून लिहितोय. लिहिताना लाज वाटतेय, पण चालायचंच.

आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1986 ची, वडिलांनी घेतलेली. पाचपाखाडीत सोसायटीच्या आवारात उभी असते, रविवारी बाहेर निघते. यंदा पावसाळा सरता सरता ती डावीकडे ओढायला लागली. तीन हात नाक्याला सिग्नल सुटला की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. घरी येऊन बघतो तर पुढच्या डाव्या चाकाला हात लावू देईना, वर जळक्या लायनरचा वास. ब्रेक धरतोय, म्हणजे पाय काढला तरी सुटत नाही, एवढं मलाही कळलं.

नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. कुणीतरी 'जुन्या गाड्यांचा माणूस आहे, घरी येतो' म्हणून एक नंबर दिला. तो आला तोच गोड बोलत. बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "काका, अशी लक्ष्मी आता कुठे राहिली?" मी तिथेच पाघळलो. मग त्याने ब्रेक ऑइलमध्ये बोट बुडवलं, काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं आणि निकाल दिला: मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो) गेला, चारही चाकांचे सिलेंडर (त्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे) गेले. "कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद पडला, 2023 ला टॅक्सीसुद्धा गेल्या. माल येणार कुठून? पण एकाकडे जुना स्टॉक आहे, तुमच्यासाठी बघतो." मास्टरचे 6,500, चार चाकांचे 2,200 प्रमाणे 8,800, मजुरी 3,200. घासाघीस करून मी ते 17,000 वर आणलं आणि आपण जिंकलो अशा समजुतीत 10,000 आगाऊ पाठवूनही दिले.

मास्टर सिलेंडर दाब सोडत नसेल तर निदान पुढची दोन्ही चाकं तरी धरायला हवीत. एकटं डावं कसं धरेल? हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. ऑइल तर जुनं झालं की काळं पडतंच.

रविवारी तो एकटाच आला. काम सुरू झालं आणि ऑइल कमी पडतंय म्हणून मला डबा आणायला पिटाळलं. नितीन कंपनीच्या पुढची दोन दुकानं बंद, तिसरं सापडेपर्यंत पाऊण तास गेला. परत आलो तर काम संपलेलं! चार ड्रम उतरवायचे, सिलेंडर बदलायचे, मग प्रत्येक चाकाच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायची. हवा काढताना एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा-ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, सैल करायचा, म्हणजे माणसं दोन लागतात. दुसरा माणूस कुठे होता? पण समोर मास्टर सिलेंडर चांदीसारखा चमकत होता, चाक हाताने गरागरा फिरत होतं. मी शहाणपणाने जुने पार्ट मागितले. त्याने लगेच पिशवी हातात दिली. गंजलेले पाच सिलेंडर. मी उरलेले 7,000 दिले. बिल "उद्या व्हॉट्सॲपवर" येणार होतं.

पुढच्या रविवारी घोडबंदर रोडला मानपाड्याच्या आधीच तोच वास.

चिडून मीच गाडी जॅकवर घेतली. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढे स्टँड ठेवला. ब्रेक दाबून सोडला, डावं चाक जाम. निपल किंचित सैल केला तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासतात ते) गंजून चिकटलेले नव्हते, दाब अडकून राहत होता. पुन्हा ब्रेक दाबला, चाक पुन्हा जाम. या वेळी निपलला हात न लावता, चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपचं मास्टरकडच्या बाजूचं तोंड सैल केलं. चाक जामच. तेव्हा दोष मधल्या होज पाइपात. जुना रबरी पाइप आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला वाट राहत नाही. त्या गृहस्थाने रविवारी एवढंच केलं होतं: निपल सैल करून अडकलेला दाब सोडला होता.

नवा पाइप कुर्ल्याला 350 रुपयांत मिळाला. जुना कापून बघितला तर आतल्या भोकातून सुईसुद्धा जाईना.

पण खरा धक्का पुढेच होता. हात पुसायचं फडकं ऑइलने ओलं झालेलं, ते मी नकळत मास्टर सिलेंडरवर ठेवलं होतं. ब्रेक ऑइल रंग खातं. फडकं उचललं तर चांदी त्याच्याबरोबर निघाली, खाली गंज आणि गंजात कोरलेले आकडे: 14-3-98. कुठलाही पार्ट बसवला की त्यावर खिळ्याने तारीख कोरायची ही वडिलांची खोड, आम्ही सगळे हसायचो त्यांना.

मग पिशवी आणली. आज उतरवलेला सिलेंडर ऑइलने ओला असतो, हाताला चिकटतो. हे पाचही खडखडीत कोरडे, आतले रबर वाळून तुकडे पडलेले, एकात कोळ्याचं जाळं. गिऱ्हाईक जुने पार्ट मागणार हे ठाऊक असल्याने पिशवी तो घरूनच घेऊन येत असणार. पार्ट बघून समाधान मानू नका. काम द्यायच्या आधी आपल्या पार्टवर खूण करा, आणि नव्याचे रिकामे खोके मागा.

बिल नसल्यामुळे हातात यूपीआयच्या दोन नोंदी उरल्या. 1915 वर ग्राहक तक्रार केली आहे, बघू. त्याला फोन केला तर, "काका, जुन्या गाडीत असं होतंच," म्हणाला, आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला.

काल बायकोने तिच्या फोनवरून लावला. म्हणाली, आमची जुनी गाडी आहे, ब्रेक धरतो, बघायला कधी याल? कुठली गाडी हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

"मास्टर सिलेंडर गेला असणार, ताई. माल मिळत नाही, पण तुमच्यासाठी बघतो."