पाटे ठोकावे, बदलावे की गाडीच उचलावी?

भाच्यानं यंदा जुनी थार घेतली, २०१६ची, सीआरडीई, म्हणजे डिझेल इंजिनची. दारात आणून लावली तेव्हा मागून पाहिलं, तर गाडी उजव्या अंगाला कलंडलेली, एका खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखी. म्हणाला, 'मामा, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.' वणीचा मिस्त्री म्हणे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी कमानपट्ट्या, ठोकून देतो, वरून एक वाढवतो. नागपूरचा पार्टवाला म्हणे नवे पाटे घे आणि गॅसचे शॉकअप, म्हणजे गाडीचं डुलणं थांबवणाऱ्या तेलाच्या नळ्या, टाक. आणि कॉलेजातला मित्र म्हणे गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट बसव, एकदाच काय ते. पहिलं काम काही हजारांत होतं, आयात किट लाखाच्या घरात जातं. दुसरं या दोघांच्या मध्ये कुठंतरी.

मी त्याला उलटं विचारलं, गाडीत भरणार काय? त्याला वाटलं मामा विषय टाळतोय. पण सगळा हिशेब इथंच आहे. ताडोब्याच्या जिप्सीचं उदाहरण घ्या. सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर, सकाळ-दुपार तेच वजन आणि तोच मंद वेग. त्या वजनाला जुळणारे पाटे टाकले की काम झालं. आपली गाडी सकाळी वावरात जाते रिकामी आणि तालुक्याहून येते दहा पोती युरिया घेऊन. पंचेचाळीस किलोचं एक पोतं, म्हणजे साडेचारशे किलो. रिकाम्या गाडीला सोसणारा पाटा भरल्यावर बसतो, आणि भरलेल्या गाडीला पेलणारा पाटा रिकाम्या गाडीत तुमची कंबर बसवतो. दोन्हींना एकाच वेळी खूश करणारा पाटा अजून कुणी घडवलेला नाही.

कोणत्या गाडीला काय असतं ते आधी सांगून टाकतो. जुन्या थारला मागं पाटे आणि पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळई. बोलेरोला पुढं स्प्रिंग, मागं पाटे. जिप्सीला चारही कोपऱ्यांत पाटे. २०२०नंतरची थार आणि जिम्नी यांना चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंग. त्यामुळे नव्या थारवाल्यानं आणि जिम्नीवाल्यानं मिस्त्रीचा भाग वाचला नाही तरी चालेल.

मिस्त्रीचा पाटा

वणी, घुग्घुस, चंद्रपूर या पट्ट्यात कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात, म्हणून पाटे ठोकणारे हात इथं पिढीजात आहेत. जुन्या पाट्याची गेलेली कमान परत आणायचे दोन मार्ग. एक, पाटा थंडाच ऐरणीवर ठोकायचा. दुसरा, भट्टीत लाल करायचा, कमान द्यायची, तेलात विझवायचा आणि पुन्हा बेतानं तापवून ठिसूळपणा घालवायचा. पहिला अर्ध्या दिवसात होतो आणि एका हंगामात परत बसतो. दुसरा नीट झाला तर वर्षं काढतो. मिस्त्रीला सरळ विचारा, 'तेलात विझवता का?' उत्तर गोलगोल आलं तर चहा प्या आणि निघा.

मी एकदा नाही विचारलं. पेरणीच्या दिवसांत नाल्याच्या रपट्यावर खाडकन आवाज आला आणि गाडी एका बाजूला सरकून चालायला लागली. उतरून पाहतो तर मेन पाटा मधल्या सेंटर बोल्टपाशी दुभंगलेला, अॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आस, मागं सरकलेला आणि टायर मडगार्डला घासतोय. बाभळीचं एक ओंडकं चासी आणि अॅक्सलच्या मधात ठोकलं, बंडीच्या साखळीनं आवळलं आणि पहिल्या गिअरमध्ये घरी आलो. ज्यानं ते पाटे ठोकून दिले होते तो म्हणाला, 'भाऊ, लोडच जास्त टाकला असन तुमी.' गाडीत मी होतो आणि डब्याची पिशवी होती.

वाढीव पाट्याचं गणित वेगळं. पूर्ण लांबीचा जादा पाटा घातला की गाडी कायमची कडक होते, भरलेली असो की रिकामी. त्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. तो वर किंवा खाली वेगळा राहतो आणि वजन पडून पाटे दबले की मगच टेकतो, तोवर कामाला लागत नाही. शेतकऱ्याच्या गाडीला इतका साधा आणि इतका योग्य उपाय दुसरा मला दिसत नाही. पण तो जुन्या, थकलेल्या पाट्यांना आधार म्हणून घालू नका. आधी खालचे पाटे धड हवेत.

नवे पाटे आणि शॉकअप

नव्या पाट्यांत दोन जाती. जुन्या पद्धतीच्या गड्ड्यात सारख्या जाडीचे पुष्कळ पाटे एकमेकांवर घासतात. पॅराबोलिकमध्ये मोजके दोन-तीन पाटे असतात, मध्ये जाड, टोकाकडं निमुळते, आणि ते मध्यात अन् टोकालाच टेकतात. घर्षण कमी, म्हणून चाल मऊ, वजनही कमी. पण ते घर्षणच जुन्या गड्ड्यात अर्धं शॉकअपचं काम करत असतं. पॅराबोलिक टाकून जुनेच शॉकअप ठेवले तर गाडी होडीसारखी डुलते. शिवाय जुन्या गड्ड्यातला एखादा पाटा तुटला तरी बाकीचे घरापर्यंत आणतात. दोन पाट्यांच्या संचात तेवढी सोय नाही. आठवड्यातून चारदा हायवेनं नागपूर करत असाल तर पॅराबोलिक. गाडीचं आयुष्य पांदणीत जाणार असेल तर जुनाच गड्डा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून.

आता शॉकअप. इथं लोक नावावर भांडतात आणि आतली रचना कुणी पाहत नाही. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत दट्ट्या आणि बाहेरच्या नळीत जादा तेल, वर हवा. मुरमाच्या रस्त्यावर पत्र्यासारख्या बारीक लाटा पडलेल्या असतात. त्यावरून वीस किलोमीटर ताणली की तेल तापतं, हवा त्यात मिसळते, फेस होतो आणि शॉकअप हात टेकतो. वर साधी हवा न ठेवता कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस बराच आटोक्यात येतो. बाजारात ज्याला 'गॅसचा' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

मोनोट्यूब हा वेगळा प्राणी. नळी एकच, गॅस तरत्या दट्ट्यापलीकडं कोंडलेला, दाब साधारण वीस बारच्या पुढं, म्हणजे टायरातल्या हवेच्या दहापट. तेल बाहेरच्या भिंतीला थेट टेकलेलं, म्हणून उष्णता लवकर बाहेर जाते. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत हा गुण छोटा नाही. बिलस्टीन ही जर्मन कंपनी यासाठीच ओळखली जाते. पण दट्ट्या त्याच बाहेरच्या नळीत चालतो, म्हणून नाल्यातला एक गोटा नळीला पोचा पाडून गेला की दट्ट्या अडकतो आणि शॉकअप गेला. दुहेरी नळीवाला तोच पोचा अंगावर घेऊन चालत राहतो. गडचिरोलीकडं नाले गोट्यांचे आहेत, तिथं मी दुहेरी नळीच सांगीन. काळ्या मातीच्या सपाटीत मोनोट्यूब खुशाल टाका.

फोम सेल म्हणून एक मधला प्रकार आहे, आयर्नमन कंपनीचा माहितीतला. बाहेरच्या नळीत मोकळ्या गॅसच्या जागी फोमची गुंडाळी असते, त्यामुळे तेलात मिसळायला मोकळा वायूच उरत नाही. अंगानं जाड असतो, बसवण्याआधी चाक पूर्ण वळवून आणि दाबून जागा तपासा. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा ओल्ड मॅन इमू, थायलंडचा प्रोफेंडर ही नावंही कानावर येतील. आपल्याकडचा गॅब्रिएल त्यांच्यापुढं गरीब दिसतो, पण गाव-तालुक्यात मिळतो. ऐन सोयाबीनच्या काढणीत शॉकअपचा बुश, म्हणजे सांध्यातली रबरी पुंगळी, गेला आणि तो कुरिअरनं यायला दहा दिवस लागले, तर त्या उंची मालाचं करायचं काय?

आणखी एक, जे कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं. पऱ्हाटीची खुंटं. कापूस उपटल्यावर किंवा छाटल्यावर राहिलेलं खुंट शॉकअपचं रबरी बूट सहज फाडतं. मग धूळ चकचकीत दांड्यावर बसते, सील जातं, तेल गळतं. शॉकअप घेताना बाहेर पत्र्याचं आवरण असलेला मिळत असेल तर तोच घ्या, रबरी भात्याच्या देखणेपणाला भुलू नका.

शॉकअप खरंच गेलाय का, हे पाहायला लोक कोपरा दाबून गाडी हलवतात. कडक पाट्यांच्या गाडीत त्यानं काही कळत नाही. खराब रस्त्यावर दहाएक किलोमीटर चालवा, उतरा आणि चारही शॉकअपना जपून हात लावा. तापलेले काम करतायत. जो थंड, तो मेलेला. भाच्याच्या गाडीचे मागचे दोन्ही थंड निघाले.

उचललेली गाडी

पांदणीत गाडी फसते ती का? ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधात उंचवटा उरतो. त्या उंचवट्यावर आधी घासतो तो मागच्या अॅक्सलमधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या दात्यांचा, गोळा. लिफ्ट किट चासी वर नेतं, बॉडी वर नेतं. तो गोळा मात्र अॅक्सलमध्येच आहे आणि अॅक्सल चाकांवर. दोन इंच उचला की चार, तो जिथल्या तिथं. वणीच्या मिस्त्रीनं एका वाक्यात सांगितलं होतं, 'गाडी उचलून का कराचं भाऊ, गोळा तं खालीच ऱ्हायते.' हे वाक्य लाखभर रुपयांचं आहे.

गोळा उचलायचा तर टायर मोठा हवा. थारचा मूळ टायर २३५/७०-१६, व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. २४५/७५-१६ घेतला तर ७७४. गोळा वर गेला त्याच्या निम्म्यानं, म्हणजे १९ मिलिमीटर. बोटभर. तेवढ्यासाठी गिअर जड वाटतो आणि वेगाचा काटा कमी दाखवतो. लिफ्टचा खरा फायदा मोठा टायर घासू नये, बंपर नाल्याच्या चढाला अडू नये आणि चाकाला खाली-वर जायला जागा मिळावी एवढाच. ज्याला खडकाळ चढ चढायचेत त्याच्यासाठी ते मोलाचं आहे. भाच्याला बाजार समितीत जायचंय.

पुढचा टॉर्शन बार फुकटात उचलता येतो, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. बोल्टचे चार आटे फिरवले की पुढचा भाग उंच. सळई त्यानं कडक होत नाही, पण चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात ते खालच्या टोकाला आदळतं आणि कडक झाल्यासारखं वाटतं. चाक वळवणारे बॉल जॉइंट आणि अॅक्सलचे सांधे सतत वाकड्या कोनात फिरून लवकर जातात. बसलेला पुढचा भाग मूळ उंचीवर आणण्यापुरते आटे फिरवा, त्यापुढं नाही.

स्प्रिंगवाल्यांनी स्प्रिंगवर ठेवायच्या पॉलियुरेथेनच्या, म्हणजे कडक रबरासारख्या प्लास्टिकच्या, चकत्यांचाही विचार केलेला असतो. स्वस्त उंची, पण चाकाचा प्रवास वाढत नाही, उलट मूळ शॉकअप आखूड पडतो. जिम्नीला पुढचा अॅक्सल सलग आहे. ती उचलली की कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाच्या आधाराचा तिरपा, कोन बिघडतो आणि स्टिअरिंग हायवेवर भटकतं. अॅक्सलला चासीशी आडवी धरून ठेवणारी तिरकी पॅनहार्ड सळई त्याला एका बाजूला ओढते. म्हणजे कॅस्टर सुधारणारे बुश आणि लांबी जुळवता येणारी सळई यांचा खर्च किटच्या किमतीतच धरा. ब्रेकचे होज पूर्ण लटकलेल्या चाकाला पुरतात का, हेही पाहा.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमावाल्याला आधी लेखी विचारा. अपघातानंतर तो तुम्हाला विचारेल.

बुशचं थोडक्यात. पॉलियुरेथेनचे टिकतात, पण कडक असतात आणि ग्रीस सुकलं की बंडीच्या चाकासारखे कुरकुरतात. मी रबरीच टाकतो. फक्त एक जपा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना कधी कसू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर कसा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजवाला घाईत हे हमखास विसरतो, तिथं उभे राहा.

भाच्यानं शेवटी मागं नवे मूळ मापाचे पाटे घेतले, हेल्पर पाट्यासह. शॉकअप दुहेरी नळीचे, गॅस भरलेले. पुढं फक्त उंची जुळवली. लिफ्टचे पैसे वाचले त्यातून टायर आले, मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे. मित्र नाराज आहे. दारात सपाटीवर गाडी लावून आम्ही हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. डावीकडं-उजवीकडं अर्ध्या बोटाचा फरक, तेवढा चालतो. मग दहा पोती भरून पुन्हा मोजलं आणि दोन्ही आकडे खडूनं कोठ्याच्या दारावर लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या वर्षी किती बसली ते कळेल.

पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे घेतले, जुने परत वापरायचे नसतात. पाचशे किलोमीटर झाले की ते पुन्हा कसायचे, हे त्याला दोनदा सांगितलंय. परवा मीटर पाहिला, सहाशे चाळीस झालेत.