तळ्यावरचा बगळा थोपवणारा सेन्सरवाला फवारा: दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो, घरामागे लहानशी बाग आहे, बागेत तळं आहे आणि तळ्याच्या कडेकडेनं मी ४५ मिलिमीटर गेजचा (म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये तेवढं अंतर असलेला) रूळ टाकलाय, त्यावर खरं वाफेचं छोटं इंजिन चालतं. विजेवरचं नाही, गॅसच्या बर्नरवर बॉयलरमधलं पाणी उकळून चालणारं. हे आधीच सांगतोय कारण ज्यांच्याकडे नुसतं तळं आहे त्यांना हा रिव्ह्यू अर्धाच लागू पडेल, पण ज्यांच्याकडे तळं आणि इंजिन दोन्ही आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नाहीये.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन दिवसांत सात मासे गेले. चौथ्या दिवशी पहाटे उठून खिडकीतून बघितलं तर राखी बगळा, आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर भिगवणला दिसतो तोच, पाण्याच्या कडेला ध्यान लावून उभा. उभा राहिला की जवळजवळ मीटरभर उंच दिसतो आणि पंख पसरले की पावणेदोन मीटरच्या आसपास, एवढा पक्षी आपल्या चिमुकल्या बागेत बघितला की छाती दडपते खरंच. लेकीनं नाव ठेवलेला शेंदरी मासा त्या सातांतच होता, ती दोन दिवस तळ्याकडे फिरकली नाही. इथं १९८१ च्या कायद्यानं बगळ्याला संरक्षण आहे, त्याला इजा करता येत नाही आणि करावीशीही वाटत नाही, उथळ पाण्यात चमकणारे मासे सोडून आपणच त्याला ताट वाढून ठेवलेलं असतं. त्यामुळे त्याला फक्त थोपवायचं होतं.

आधी प्लास्टिकचा बगळा आणला, कुणीतरी सांगितलेलं की एक बगळा उभा दिसला की दुसरा उतरत नाही. आठवड्याच्या आत खरा बगळा त्या प्लास्टिकच्या शेजारी उभा होता. पैसे वाया गेले, घेऊ नका.

फवाऱ्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात. तिथं चहा आला की गप्पा इंजिनावरून कधी बगळ्यावर जातात कळतच नाही, कारण बागेत रूळ टाकणाऱ्या निम्म्या लोकांकडे तळं असतंच. त्या दिवशी एका रिटायर्ड काकांनी (मी मनात त्यांना काकाच म्हणतो) लीक अँड मॅनिफोल्ड या इथल्या जुन्या छोट्या रेल्वेच्या इंजिनाचं स्वतः बनवलेलं मॉडेल आणलं होतं, पुढं केवढा तरी मोठा हेडलाइट. मी म्हटलं हे तर आपल्याकडचं वाटतंय. ते म्हणाले, तुमचं गाव कुठलं? म्हटलं, माझं आजोळ बार्शी. ते उठून उभेच राहिले! ज्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची बार्शी लाइट सुरू केली, त्याच माणसानं १९०४ मध्ये इथं स्टॅफर्डशरच्या दरीत त्याच गेजची ही लाइन उभारली. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेली दोनच इंजिनं, त्यातल्या एकाला त्याचंच नाव, आणि डबे पिवळे, टोकाला व्हरांडा असलेले. १९३४ ला ती बंद पडली, आता त्या मार्गावर सायकलनं जाता येतं. पंढरपूरला वारकऱ्यांना नेणाऱ्या गाडीची सख्खी बहीण माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर धावत होती हे मला चाळिशीत कळलं, तेही बगळ्याबद्दल विचारायला गेलो म्हणून.

असो, फवारा. किंमत साधारण ५० पाउंड. खाली जमिनीत रोवायचा खुंटा, वर पाण्याचं तोंड, मध्ये सेन्सर, चार पेन्सिल सेल, मागं बागेतला पाइप जोडायचा. समोरून काही उबदार हललं की दोनतीन सेकंद पाण्याचा झोत फटाफट फिरतो. बगळा पाण्यापेक्षा त्या अचानक आवाजाला जास्त दचकतो असं माझं मत.

पण सेन्सर उष्णता *हलताना* ओळखतो, आणि बगळा तर तासन्‌तास हलत नाही. पहिल्या महिन्यात मी तो तळ्याकडे तोंड करून लावला होता आणि दोन मासे गेलेच. मग काकांनी बागेत येऊन बघितलं आणि जागा बदलून दिली. बगळा सहसा थेट पाण्यात उतरत नाही, जरा लांब उतरून चालत कडेला येतो, तर फवारा त्या चालण्याच्या वाटेवर आडवा लावायचा, म्हणजे तो सेन्सरसमोरून आडवा जातो आणि लगेच पकडला जातो. तेव्हापासून एकही मासा गेला नाही. दुसऱ्या बाजूला जाळी मात्र टाकलीच आहे, एका फवाऱ्यानं चारी बाजू राखल्या जात नाहीत.

आता इंजिनवाल्यांसाठी. माझं इंजिन दर चौरस इंचाला ४० पौंड एवढ्या वाफेच्या प्रेशरवर चालतं, बॉयलर चांगलाच तापलेला, आणि सेन्सरला तो सुद्धा उबदार हलणारी वस्तूच! जूनमध्ये पाहुणे आले होते, इंजिन तळ्यावरच्या पुलावर आलं आणि झोत थेट त्याच्यावर. ज्योत विझली पण गॅस चालूच राहिला. मी धावत जाऊन आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, गॅस पूर्ण उडून जाईपर्यंत काडी जवळ आणू दिली नाही. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी वाचली हे नशीब, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते. शेजारी मुलं वाकून बघत होती, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. कंपनीला लिहिलं की माहितीपत्रकात तापणाऱ्या वस्तूंबद्दल एक ओळ टाका, उत्तर आलं नाही. याचा एक स्टार कापलाय.

दुसरं म्हणजे थंडीत आत घ्यावा लागतो, पाइपात पाणी गोठलं की आतली प्लास्टिकची झडप फुटते. सेल मात्र बरेच टिकतात. सेटिंग नुसतं रात्रीचं ठेवू नका, चोवीस तासांचं ठेवा, बगळा बहुतेक पहाटे आणि तिन्हीसांजेला येतो.

पाचपैकी चार. तळ्याला पाच, इंजिनाशेजारी लावला तर तीन, जोपर्यंत फवाऱ्याच्या पाइपावर वेगळा नळ बसवत नाही तोपर्यंत. मी चावी काढता येणारा पितळी नळ बसवलाय. एकेरी रेल्वेमार्गावर लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही ना, तसंच आमच्याकडे आता माझी लेक नळ बंद करते आणि ती चावी बागेतल्या आमच्या छोट्या स्टेशनच्या खिळ्यावर आणून अडकवते, मगच मी गॅस पेटवतो.