न बदललेल्या पंपाचे १७,९५० मोजले

आधी आकडे सांगतो, हसायचं ते हसून घ्या. गाडीच्या टाकीतला पेट्रोल ढकलणारा पंप ९,८००, रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच) ४५०, वायरिंग ३,२००, मजुरी ४,५००. एकूण १७,९५०. यातला फक्त ४५० चा रिले खरोखर बसवला होता.

गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी पिकअप. गरम झाली की बंद पडायची. सेल्फ फिरायचा, इंजिन उचलायचं नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू. चावी दिली की टाकीतला पंप दोनेक सेकंद घूं करतो, तो आवाजही त्या वेळी यायचा नाही. एवढं मला कळत होतं. मी अगदीच अडाणी नाही हे मुद्दाम लिहितोय, कारण घरच्यांचं मत वेगळं आहे.

वायरमनने रिले काढून सॉकेटच्या ३० नंबरला, म्हणजे बॅटरीची वीज येते त्या टर्मिनलला, मल्टिमीटर लावला आणि आकडा माझ्याकडे वळवला. १२.४ व्होल्ट. "करंट येतोय साहेब, म्हणजे पंपच गेला. पंपाने ओढून वायरिंगही खाल्लं." मी मान डोलावली. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे जळक्या टर्मिनलमधूनही तो बारा व्होल्ट दाखवतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर जोडलेला साधा बल्ब, लावायला सांगा. तो मिणमिणला की समजायचं, दोष वायरीत आहे.

संध्याकाळी गाडी तयार. जुना पंप म्हणून त्याने एक खोकं हातात दिलं. मी उघडलं, पंप बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला. कोरडा ठणठणीत. हाताला पेट्रोलचा वास नाही! इतकी वर्षं टाकीत बुडालेली वस्तू, आणि जाळीवर चक्क धूळ. मी ती धूळ बोटाने पुसली, बोट पँटला पुसलं आणि पैसे मोजले. गाडी एका चावीत सुरू झाली होती, माल पोहोचवायचा होता, सकाळपासून खोळंबलो होतो. माझ्या जागी तुम्हीही मोजले असते. कदाचित.

आणि टाकी! सकाळीच काठोकाठ भरली होती. या गाडीत पंप काढायचा तर टाकी खाली उतरवा नाहीतर मागचा हौदा उचला. भरलेली टाकी कोण उतरवतं?

नवव्या दिवशी गाडी पुन्हा बंद. या वेळी मी स्वतः खाली शिरलो. टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर जुन्या चिखलाची पापडी तशीच, पान्याचा एक ओरखडा नाही. हौद्याचे बोल्ट गंजून एकजीव. मग रिले उपटला. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घातलेली वायर थेट ८७ नंबरला, म्हणजे पंपाकडे वीज जाते त्या टर्मिनलला टेकवली, तर मागे पंप घूं करून सुरू. म्हणजे पंप, त्याची वायर, अर्थिंग, सगळं ठीक. सॉकेटचं ३० नंबरचं टर्मिनल क्रिंपपाशी, म्हणजे वायर दाबून बसवतात तिथे, काळं पडलेलं, वायरीचं कव्हर वितळलेलं. रिले काढता-घालताना ते हललं आणि तात्पुरतं चिकटलं, म्हणून त्या संध्याकाळी गाडी सुरू झाली. नवं सॉकेट ३४०. तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही.

वायरमन म्हणतो, पंप बदललाय, सिद्ध करा. बिलावर लिहिलंय "फ्यूल सिस्टीमचे काम". बिलात प्रत्येक भाग आणि त्याचा नंबर लिहून घ्या, माझ्यासारखे तीन शब्दांवर भुलू नका. पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक तक्रारीकडे जा. तिथे म्हणाले, फसवणूक म्हणता तर आधी पोलिसांकडे जा. परत गेलो. ज्यांच्यासमोर बसलो त्यांनी अख्खी हकीकत ऐकून घेतली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "गाडी चालू आहे ना आता?" चालू आहे. "मग?" या "मग"ला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. तीन प्रतींत अर्ज, एका प्रतीवर सही राहिली म्हणून परत, मग फोटो अस्पष्ट म्हणून परत. बोल्टवरचा चिखल आणखी स्पष्ट कसा काढतात?

हो, टाकी उघडणार म्हणाले तर समोर उभे राहा. आणि आपल्या बोल्टवर आधीच रंगाचा ठिपका द्या.

अकरा आठवड्यांनी काल पत्र आलं. बदललेला नवा पंप बिलासह तपासणीसाठी हजर करावा.