निवासी उपचार की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा?

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण काही आठवडे राहतो, तर १९३५ मध्ये अमेरिकेत उगम पावलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार गटाच्या सभांना तो घरी राहून, शुल्काविना, कितीही वर्षे जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवल्यास पहिल्या काही दिवसांत फिट येणे, भास होणे आणि क्वचित मृत्यूही संभवतो. अशा वेळी, किंवा सोबत तीव्र नैराश्य असल्यास, केवळ सभांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण तेथे वैद्यकीय उपचार होत नाहीत. केंद्रातून परतल्यावर मात्र जुने मित्र आणि पगाराचा दिवस समोर येतो, तेव्हा स्वतः त्यातून गेलेली माणसे सभेत भेटतात.